न धुतलेला रोल

उदयसिंह घोरपडे यांचं जगातल्या बहुतेक माणसांबद्दल एकच मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवून ठेवलं नाही. माणसांना काही कळत नाही, हे ते मत. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासता तपासता ते निवृत्त झाले आणि सांगलीत, विश्रामबागेतल्या आपल्या घरात, जुन्या घडीच्या कॅमेऱ्यांचं काचेचं कपाट मांडून बसले. एखादा पाहुणा कपाटासमोर उभा राहून "वा, काय जुने जुने कॅमेरे आहेत!" म्हणाला की यांच्या कपाळावर आठी. पाहुणा जिना उतरून खाली पोचायच्या आत "गाढवाला गुळाची चव काय" हे वाक्य ठरलेलं. पुष्कळदा ते पाहुण्याला ऐकूही जाई. त्याला त्यांची हरकत नव्हती.

घडीचा कॅमेरा म्हणजे मिटलेला असताना एखाद्या जाड पाकिटाएवढा. बटण दाबलं की पुढचं झाकण खाली पडतं आणि कातड्याचा काळा भाता ओढत भिंग बाहेर येतं. कपाटातले बहुतेक कॅमेरे एकाच जर्मन कारखान्याचे, एकाच मॉडेलचे होते. दीपमालाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाटाची काच पुसताना विचारत, "सगळे सारखेच तर दिसतात. एवढे कशाला?" त्यावर उदयसिंह डोळे मिटून घेत. सारखेच! पहिल्या प्रकारात फोटो काढायचा खटका भिंगाला चिकटलेला. दुसऱ्यात तो वर, डब्याच्या अंगावर आलेला. तिसऱ्यात, महायुद्ध संपल्यावर, भिंगाला निळसर मुलामा चढला आणि मागच्या लाल खिडकीवर सरकतं झाकण आलं. इतका ढळढळीत फरक ज्याला दिसत नाही त्याने डोळे कशाला बाळगावेत, हे त्यांना कळत नसे.

काही दीडशहाणे म्हणत, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला एक प्रकार आहे. डबा दुसऱ्याचा आणि भिंग निळं. पुण्याला संग्राहकांच्या बैठकीत उदयसिंहांनी भर सभेत सांगितलं होतं की हा मधला प्रकार म्हणजे दुरुस्तीवाल्यांनी केलेली खिचडी आहे आणि ती अस्सल समजणाऱ्याने कॅमेरे सोडून भांडी जमवावीत. लोक हसले होते. ज्याला उद्देशून हे होतं तो मात्र पुढच्या बैठकीला आला नाही.

आणि मग चैत्रात त्यांच्या फोनवर तो फोटो आला.

पाठवणारा ऋषिराज नावाचा एक तरुण. पाटणला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. कुणीतरी त्याला उदयसिंहांचा नंबर दिला होता. "सर, आमच्या घरातल्या जुन्या कॅमेऱ्याच्या भात्याला भोक पडलंय. तुम्ही बुजवून देता का?" उदयसिंहांनी फोटो मोठा करून पाहिला. डबा दुसऱ्या प्रकारचा होता आणि भिंग निळं होतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली.

वाडी पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला होती. गाडी जाईल तिथपर्यंत गेली आणि तिथून ऋषिराजच्या मोटारसायकलवर, तांबड्या धुळीतून. उन्हाने रस्त्याचा नुसता भुगा झाला होता. तीन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढे अंगण, अंगणापलीकडे खाली उतरत जाणारी पायवाट. घराची मालकीण मनुबाई म्हणजे ऋषिराजची थोरली चुलती. ती पंच्याहत्तरीच्या आसपासची होती. कपाळावर ठसठशीत कुंकू आणि हातात मनगट भरून हिरव्या बांगड्या.

"या सायेब. लय लांबनं आलासा," ती म्हणाली.

कॅमेरा समोरच्या कोनाड्यात होता. उघडा, भाता पूर्ण ताणलेला, भिंग थेट दाराकडे रोखलेलं. उदयसिंह झटकन पुढे झाले. भाता असा वर्षानुवर्षं ताणून ठेवणं म्हणजे छत्री उघडीच ठेवून झोपण्याचा प्रकार.

"मिटून का ठेवत नाही?" त्यांनी विचारलं.

"मिटल्यावर त्यांना वाट कशी दिसंल?"

उदयसिंहांनी ऋषिराजकडे पाहिलं. तो जरा ओशाळला आणि सांगू लागला. कॅमेरा मनुबाईच्या सासऱ्याचा, ज्योतिबाचा. दुसऱ्या महायुद्धात ज्योतिबा इटलीला होता, तिथून त्याने तो आणला. तेव्हापासून घरात पद्धत पडली. फौजेत निघालेल्या गड्याचा उंबऱ्यात फोटो काढायचा आणि तो सुट्टीवर परत आल्याशिवाय रोल धुवायचा नाही. एकदा ज्योतिबाच्या धाकट्या भावाचा रोल घाईने कराडला धुवून आणला आणि त्याच दिवशी तो गेल्याची तार आली. मनुबाईचा नवरा गुंडा एकाहत्तरच्या लढाईआधी निघाला, पूर्वेच्या आघाडीवर. उंबऱ्यात त्याचा फोटो ज्योतिबानेच काढला. पुढे कळलं, बंगालातली गाळाने भरलेली नदी ओलांडताना बेपत्ता.

"म्हणजे रोल अजून आत आहे?" उदयसिंहांनी विचारलं.

"हाय की," मनुबाई म्हणाली. "रोल धुतला न्हाई तवर मानूस वाटंवर हाय. पर आता भात्याला कसर लागली. चिकटपट्टी लावलीया, तरी उजेड लय चिवट असतोया. आत शिरला तर त्यांचं काय व्हायचं? तेवडं भोक बुजवून द्या."

पन्नास वर्षांहून जास्त काळ ही बाई एका डब्यातल्या फिल्मच्या भरवशावर कुंकू लावत होती! उदयसिंहांना आधी हसू आलं आणि मग संताप आला. असल्या खुळांमुळेच हा देश मागे राहिला, असं एक भाषण त्यांच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यांनी गिळलं, कारण कॅमेरा त्यांच्या हातात होता.

"बाई, तुमचे यजमान आज असते तरी ऐंशीच्या घरात असते."

"व्हय. म्हनून तर येळ लागतोया."

त्यांनी सवयीने खटका दाबून पाहिला. मनुबाई दचकून पुढे झाली. पण भिंगाआडच्या पडद्याची पाती तसूभरही हलली नाहीत. आतलं तेल वाळून गोंद झालं होतं. हा कॅमेरा कित्येक वर्षांत एक फोटो काढू शकला नसता, एवढं त्यांना तिथेच कळलं. मग त्यांनी कॅमेरा उलटा केला. मागे बोटाच्या पेराएवढी लाल काचेची खिडकी होती. रोलच्या पाठीवरचा कागद तिच्यातून दिसतो आणि कितवा फोटो चालू आहे त्याचा आकडा त्यावर असतो. या रोलवर आठ फोटो निघतात. खिडकीत सातचा आकडा होता.

"फोटो किती काढले होते?"

"योकच."

"मग सात कसा?"

मनुबाईने चुलीवरचा चहा गाळून बशीसकट त्यांच्यापुढे ठेवला. "पोचत आल्यात," ती म्हणाली.

पोरांनी चावी फिरवली असेल, दुसरं काय. उदयसिंहांनी कॅमेरा मिटला आणि पिशवीत घातला. तो मिटताना भात्यातून हवा बाहेर पडली. साधीच हवा, पण मनुबाई त्या आवाजाबरोबर उभी राहिली.

"रोलला हात लावनार न्हाई म्हना."

"नाही लावणार."

लहान पोराला 'चंद्र आणून देतो' म्हणावं तसं ते म्हणाले. मनुबाईने मान डोलावली. तिचा विश्वास बसला, आणि याचाही उदयसिंहांना थोडा तिटकाराच आला.

सांगलीत आल्यावर त्यांनी दारं लावून कॅमेरा तपासला. खिचडी नव्हती. स्क्रू कधी कुणी उघडलेले नव्हते, भिंगाच्या कड्यावरचा कारखान्याचा रंग अख्खा होता. मधला प्रकार खरा होता, आणि त्यांनी ज्याला भांडी जमवायला सांगितलं होतं तो बरोबर होता. दुसरा एखादा असता तर त्याने त्या माणसाला फोन केला असता. उदयसिंहांनी ठरवलं की हा शोध आपलाच. त्यावर लेख लिहायचा आणि लेखासोबत याच भिंगातून निघालेला फोटो छापायचा. भिंग अस्सल असल्याचा तोच पुरावा, आणि तो रोलवर तयारच होता.

"त्या बाईंना विचारलंत का?" दीपमालाबाईंनी विचारलं.

"काय विचारायचं? रोल धुतल्याने कोणी मरत नाही. उलट तिच्या डोक्यातलं खूळ तरी जाईल."

"पण तुम्ही शब्द दिलाय."

"अडाण्याला दिलेला शब्द हा औषधासारखा असतो. बरं वाटावं म्हणून द्यायचा."

 दीपमालाबाई कॅमेऱ्याकडे बघत होत्या. "हा तुम्ही मिटून ठेवला होता ना?" त्यांनी विचारलं.

कॅमेरा टेबलावर उघडा होता. भाता ताणलेला, भिंग खोलीच्या दाराकडे. बटण जुनं, झिजलेलं. आपोआप सुटलं असणार. उदयसिंहांनी तो मिटला आणि मिटता मिटता लाल खिडकीकडे नजर टाकली. सात नव्हता. खिडकीत बारीक ठिपके होते. पुढचा आकडा जवळ आला की कागदावर असे ठिपके येतात, म्हणजे चावी फिरवणाऱ्याने सावध व्हावं. चावीला त्यांनी हात लावला नव्हता. रोल सैल पडला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण सैल पडलेला रोल मागे सरकतो, पुढे नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी मग वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीच्या खोलीच्या फटी बुजवल्या, अंधारात रोल सोडवून धुण्याच्या डब्यात भरला आणि न्हाणीघरात बसून पद्धतशीर काम केलं. आधी चित्र उमटवणारं रसायन, मग पाणी, मग हायपो. हायपोचं काम सोपं. चित्र जिथे असेल तिथे त्याला कायमचं थांबवायचं. त्यापुढे त्यात बदल नाही. डब्यात हायपो ओतताना त्यांना वाटलं, आतून काहीतरी एकदा, हलकेच, डब्याला लागलं. फिल्म फिरली असेल.

इतक्या जुन्या रोलवर काळ्या धुरकटाशिवाय काही मिळणार नाही, ही त्यांची अपेक्षा. फिल्म बाहेर आली ती स्वच्छ, काल भरल्यासारखी. ती त्यांनी दोरीला चिमट्याने टांगली, मागे पांढरा दिवा धरला आणि फोनवर काळ्याचं पांढरं करून चित्रं पाहिली.

पहिल्यात एक जवान उंबऱ्यात उभा. नवा गणवेश, कोवळ्या मिशा, आणि दाराआडून अर्धवट दिसणारी एक पोरसवदा बायको. अंगणातून काढलेला फोटो.

दुसरा घराच्या आतून काढलेला होता. कोनाड्याच्या उंचीवरून. उघडं दार, रिकामं अंगण, आणि लांब खाली, पायवाट सुरू होते तिथे, काडीएवढा माणूस.

तिसऱ्यात माणूस जरा वर आलेला. चौथ्यात अंगणाच्या कडेला विजेचा खांब होता, जो दुसऱ्यात नव्हता. पाचव्यात दारावर पत्रा आला होता आणि माणसाच्या मिशा पांढुरक्या झाल्या होत्या. सहाव्यात अंगणात ऋषिराजची मोटारसायकल उभी होती, नंबरासकट. तिला हात टेकून, धाप लागल्यासारखा, एक म्हातारा उभा होता. अंगावर तोच गणवेश, आता खांद्यावर ढगळ झालेला.

सातव्यात तो उंबऱ्याशी होता. चेहरा स्पष्ट, पहिल्या फोटोतल्या पोराचाच, पण सुरकुतलेला. एक हात चौकटीला. एक पाय उचललेला, उंबऱ्याच्या वर, अधांतरी.

आठवा कोरा होता.

उदयसिंहांनी सातवं चित्र पुन्हा मोठं करून पाहिलं. मग त्यांना राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं. बनाव! त्या मोबाइलवाल्याने गावातल्या कुणा म्हाताऱ्याला कपडे चढवून आपल्याला बनवलं. पुण्याच्या त्या माणसाने त्याला हाताशी धरलं असणार. पडद्याची पाती गोंदासारखी चिकटलेली होती, ही गोष्ट त्यांनी त्या हिशोबात घेतली नाही.

फोन वाजला. ऋषिराजच होता.

"सर, रोल धुतला का वं तुमी?"

"का?"

"मोठी आय सकाळधरनं बोलंना झालीया. परसात बसली हुती, तिथनं उठली आनि कुंकू पुसून आली. बांगड्या काडून ठेवल्यात. आमी इचारलं तर म्हनती, थांबलं."

"मी येतोय," उदयसिंह म्हणाले. "तुझं हे नाटक मी तुझ्या दारात येऊन उघडं पाडतो."

सातव्या फोटोची मोठी प्रत त्यांनी स्टुडिओतून काढून घेतली आणि निघाले. वाटेत कुठे थांबले नाहीत, आणि गाडी थांबली तिथून पुढची चढण पायीच चढले. वाडीत पोचले तेव्हा ऊन अजून अंगणभर होतं. ऋषिराज मोटारसायकलला टेकून उभा होता, पण त्याच्याशी भांडण काढायचं ते विसरले, कारण दारातून आत मनुबाई दिसत होती. कोऱ्या कपाळाची, कोऱ्या हातांची, भिंतीला पाठ लावून बसलेली. ती एका दिवसात आणखी म्हातारी झाली होती.

उदयसिंह उंबरा ओलांडून आत गेले आणि फोटो तिच्यापुढे धरला.

"हा कोण ते सांगा. गावातला कोण आहे हा?"

तिने फोटो दोन्ही हातांत घेतला. जवळ नेला, लांब धरला. आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, नव्या नवरीचं म्हणावं असं. ते पाहून उदयसिंहांचा बनावाचा संशय जागच्या जागी विरला. त्यांना एकदम लाज वाटली. ही भावना त्यांच्या ओळखीची नव्हती.

"लय म्हातारं झालं की वं," ती म्हणाली. "मी त्यांना म्हातारं बगितलंच न्हाई."

मग तिचं बोट खाली सरकत गेलं आणि त्या उचललेल्या पायाशी थांबलं.

"ह्यो पाय असाच ऱ्हानार?"

उदयसिंह चष्मा काढून पुसू लागले.

"सायेब, तुमाला इचारते. तुमी थांबीवलंसा. ह्यो पाय आता त्यांनी कवा खाली ठेवायचा?"

"बाई, तो... तो नुसता फोटो आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचं बोलणं मूर्खपणाचं वाटलं. मनुबाईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. काहीच न कळणाऱ्या माणसाकडे बघावं तसं ती बघत होती. ती उठली. दाराशी गेली, पदराने उंबरा पुसला आणि फोटो त्यावर आडवा ठेवला, फोटोतल्या माणसाचं तोंड घराकडे करून.

"पायाखाली उंबरा तरी असूं दे," ती म्हणाली, आणि आत चुलीकडे वळली.

आता इथे थांबण्यात अर्थ नव्हता. दार एकच होतं आणि दारात फोटो होता. उदयसिंह उंबऱ्याशी आले. माणसाला ओलांडू नये, असं लहानपणी आई ओरडायची, ते त्यांना उगाच आठवलं. कागदच तो. त्यांनी पाय उचलला.

"थांबा," मागून मनुबाई म्हणाली. "आदी त्यांना आत येऊं द्या."

त्यांनी पाय खाली ठेवला. मागे, आतल्या बाजूला.

अंगणात कोणी नव्हतं. ऋषिराज फोनमध्ये डोकं घालून उभा. दारातून एक गार झुळूक आत आली, ओल्या कापडाचा वास घेऊन. उदयसिंहांच्या बाहीला काहीतरी घासून गेलं. ओलं, जाडंभरडं.

त्यांनी खाली पाहिलं.

फोटोत चौकट होती. अंगण होतं, विजेचा खांब होता, मोटारसायकल होती. माणूस नव्हता.

"बसा हितं. पाय धुवून घ्या आदी," मनुबाई आत म्हणत होती. हा आवाज तिने उदयसिंहांशी बोलताना कधी काढला नव्हता. "भाकरी गरमच हाय."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तो रिकामा फोटो ओलांडून ते अंगणात उतरले आणि मोटारसायकलपाशी जाऊन उभे राहिले.

"काय झालं, सर?" ऋषिराजने विचारलं.

घराच्या बाजूला, मोरीच्या भोकातून पाणी बाहेर येऊ लागलं होतं. तांब्यामागून तांब्या. अंगणातली माती सगळी तांबडी, वाडीतली तांबडी, कोयनेच्या त्या सबंध अंगाची तांबडी. मोरीतून येणारं पाणी राखाडी चिखलाचं होतं, आणि ते थांबत नव्हतं.